डोळे उत्तम आहेत

"डोळे उत्तम आहेत" हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, की आता कुणी कौतुकाने म्हटलं तरी माझ्या कपाळावरची शीर तडतडते.

पहिल्यांदा ते म्हणाले वसईतले एक डोळ्यांचे डॉक्टर. लेक तेव्हा नीट चालायलाही लागली नव्हती. दिवस भरायच्या आधीच झालेली, जन्मल्यावर रडली नाही, मग काचेच्या पेटीत ठेवली, तिथेच तिला झटके आले. चालणं, बोलणं सगळं उशिराने होईल हे आम्हाला सांगितलं होतं आणि ते आम्ही मान्य केलं होतं. पण मला खुपत होतं ते वेगळंच. ती माझ्या तोंडाकडे बघायची नाही. मी तिच्यावर वाकून गाणं म्हणत असायचे आणि ती माझ्या डोक्यावरच्या पंख्याकडे, ट्यूबलाइटकडे, नाहीतर खिडकीकडे बघत हसायची. हसायची माझ्या गाण्याला, पण नजर भलतीकडे.

डॉक्टरांनी थेंब घातले, बॅटरी मारून आतपर्यंत पाहिलं. "पडदा उत्तम, नस उत्तम, डोळे उत्तम आहेत. तुम्ही पहिलटकरीण ना? उगाच टेन्शन घेता." आणि एक टॉनिक लिहून दिलं. मी विरार पश्चिमेला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. त्या टॉनिकमध्ये काय असतं हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

नंतर आणखी डॉक्टर झाले. प्रत्येकाने डोळे उत्तम ठरवले आणि वर आपापलं एकेक शेपूट जोडलं. एक म्हणाले, मुलगी हट्टी आहे. एक म्हणाले, लक्ष कमी आहे. एकाने मोबाइल कमी करा म्हणून अर्धा तास व्याख्यान दिलं. आमच्या घरात तिच्या हातात मोबाइल दिलाच जात नव्हता, हे ऐकायला त्यांना वेळ नव्हता.

आणि घरी आम्ही काय बघत होतो? ताटातला भात ती अर्धाच खायची. उरलेला अर्धा तिच्याकडच्या बाजूला तसाच राहायचा आणि ती म्हणायची, संपला. जिना चढायची, पण उतरताना पायरीच्या काठावर उभी राहून रडायची. बाबा कामावरून आले की ते बोलेपर्यंत तिला ते बाबा आहेत हे कळायचं नाही. नालासोपाऱ्याला एका लग्नात मी हिरवी साडी नेसले होते. तिने दुसऱ्याच एका हिरव्या साडीचा हात धरला आणि खुशाल तिच्याबरोबर जेवणाच्या पंगतीकडे निघाली. ती बाई बोलली तेव्हा पोरीने अशी किंकाळी फोडली की सनईवाला थांबला. आजूबाजूचे हसले. "आईला ओळखत नाही बघा!" त्या हसण्यात सामील होणं मला जमलं नाही.

पण याच मुलीला पांढऱ्या फरशीवर पडलेली माझी लाल टिकली पलीकडच्या खोलीच्या दारातून दिसायची. झालं! नातेवाइकांना तेवढंच हवं होतं. माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "हवं ते बरोबर दिसतं हो हिला." हे दुसरं वाक्य. पहिल्याने माझं पित्त खवळतं, दुसऱ्याने डोळ्यांत पाणी येतं. मूल लबाड आहे असं तोंडावर म्हणायला लोकांना लाज वाटते, म्हणून हे असं म्हणायचं.

कळंबच्या किनाऱ्यावर आम्हाला पहिल्यांदा काहीतरी उमगलं. तिचे बाबा सुट्टीच्या दिवशी सकाळी तिला स्कूटरवर पुढे उभी करून तिकडे न्यायचे, त्या दिवशी मीही गेले. गर्दी नव्हती. ओहोटी लागलेली, लांबच लांब ओली वाळू, तिच्यावर काहीही नाही. तिने माझा हात सोडला. घरात स्वयंपाकघरापर्यंत जायला भिंत चाचपडणारी माझी लेक त्या वाळूवर चक्क पळाली. मग थांबून बोट दाखवलं, "बाबा, तिथे काय हलतंय?" आम्ही दोघं डोळ्यांवर हात धरून बघत राहिलो तेव्हा दिसलं, दूर एका होडीवर भगवं फडकं फडफडत होतं.

परत येताना स्टेशनजवळच्या बाजारातून आलो. भाजीच्या गाड्या, रंगीत प्लास्टिक, हॉर्न, ओरडणारे फेरीवाले. तिने माझ्या कुर्त्यात तोंड खुपसलं आणि डोळे गच्च मिटून घेतले. घरी पोचेपर्यंत उघडले नाहीत.

"ही तीच पोरगी आहे का, मघाशी होडी दाखवणारी?" तिचे बाबा म्हणाले.

त्या दिवसापासून आम्ही प्रश्न बदलला. हिला किती दिसतं हे विचारणं सोडलं. हिला कुठे दिसतं आणि कुठे दिसेनासं होतं, हे बघायला लागलो.

उत्तर मिळालं ते झटक्यांच्या औषधासाठी मुंबईला गेलो तेव्हा. आमच्या नेहमीच्या डॉक्टर रजेवर होत्या, त्यांच्या जागी दुसऱ्या एक बाई बसल्या होत्या, मुलांच्या मेंदूच्याच डॉक्टर. औषधाचं बोलून झालं. लेक त्यांच्या टेबलावरची पाण्याची बाटली घ्यायला हात पुढे करत होती, पण बघत होती भलतीकडे. डॉक्टर बाई बोलता बोलता थांबल्या. "नेहमी अशीच घेते का? आधी बघते, मग मान वळवते, मग हात नेते?"

आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. मी ताट सांगितलं, जिना सांगितला, हिरवी साडी, टिकली, होडी, बाजार, सगळं भडाभडा सांगितलं. त्या प्रत्येक गोष्टीला मान डोलावत होत्या. मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. "डोळे बाहेरून सामान आणतात. ते घरात नेऊन जागच्या जागी लावायचं काम मेंदूचं. जन्माच्या वेळी हिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यात हे लावणारे हात कमी झालेत. एकच पिशवी आली तर ती लावू शकते. एकदम दहा आल्या की सगळं दारातच पडून राहतं. त्यात आवाज असेल, ती दमलेली असेल, भूक लागली असेल, तर तेवढेही हात उरत नाहीत. आणि खालच्या बाजूचं तिला दिसतच नाही, म्हणून पायरी चुकते आणि भात उरतो. याला मेंदूजन्य दृष्टिदोष म्हणतात."

"पण डोळे..."

"डोळे चांगलेच आहेत," त्या म्हणाल्या. "म्हणून तर कुणी पुढे बघितलं नाही."

मी विचारलं, हे फार दुर्मिळ आहे का. त्या म्हणाल्या, "अजिबात नाही. लवकर जन्मलेल्या, झटके आलेल्या मुलांमध्ये आम्ही हे नेहमी बघतो."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला रडू आलं नाही, संताप आला. नेहमी बघतात म्हणे! मग माझ्या लेकीत कुणाला का दिसलं नाही? मेंदूवाले झटक्यांचं विचारत राहिले, डोळेवाले डोळ्यांत बॅटरी मारत राहिले, आणि दोघांच्या मधल्या फटीत माझ्या मुलीची नजर पडून राहिली. वर दोघांकडची फी आणि दोघांकडचा उपदेश आम्हालाच.

घरी आल्यावर मी आईंना सांगितलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. रत्नागिरीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर पहिली-दुसरी शिकवून निवृत्त झालेल्या. त्या लसूण सोलत होत्या. सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे पोर खोटं वागत नव्हती."

"नाही आई."

"मग इतके दिवस तिला खोटी म्हणणाऱ्यांचं काय करायचं?"

त्या उठल्या, हात धुतले आणि शोकेसमधल्या बाहुल्या, फुलदाण्या काढून खोक्यात भरायला लागल्या. संध्याकाळपर्यंत आमची बैठकीची खोली नुकत्याच रिकाम्या केलेल्या भाड्याच्या घरासारखी दिसायला लागली. फुलाफुलांच्या चादरी गेल्या, साध्या आल्या. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या काठाला पिवळी चिकटपट्टी लागली. सोसायटीच्या सेक्रेटरीने हरकत घेतली तेव्हा आई त्याला म्हणाल्या, "तुमच्या आईला मोतीबिंदू आहे ना? तिलाही सोय होईल." पट्टी अजून आहे.

मग त्यांनी शिकवायला घेतलं. डॉक्टर बाईंनी दोन-चार गोष्टी सांगितल्या होत्या, बाकीच्या आईंनी पोरीकडे बघून बघून काढल्या. त्यांचा जुना काळा परकर टेबलावर पसरला, त्याच्यावर पिवळ्या पुठ्ठ्यातून कापलेलं एकच अक्षर. टीव्ही बंद, मिक्सर बंद, मी कुकर लावला तर शिट्टी व्हायच्या आत येऊन गॅस बंद करायच्या. अक्षर हळूच हलवायचं, म्हणजे पोरीचं तिकडे लक्ष जायचं. मग थांबायचं. खूप थांबायचं. आपल्याला वाटतं तिला येत नाहीये, आणि आपण घाईने सांगून मोकळे होतो. आई सांगायच्या नाहीत. "सामान लागतंय आत," म्हणायच्या, "दार वाजवू नको." ती तोंड फिरवून बसली तरी "इकडे बघ" म्हणायला घरात बंदी होती. तोंड फिरवून ती ऐकते आणि हाताने ओळखते, मग पुन्हा बघते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

अक्षरांच्या खुणा त्यांनी बोलून पक्क्या केल्या. "हा व. याला पोट आहे. पोटात तिरपी काठी घातली की ब. काठी नको, पलीकडून शेपूट काढ, झाला क." लेक पिवळ्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवत पोट, काठी, शेपूट म्हणायची. एकटी अक्षरं यायला लागली. पण शब्द आला की सगळं कोसळायचं. वरच्या रेघेला सगळी अक्षरं लटकलेली, तिला ती दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी एकमेकांत गुंतलेली दिसत असणार. मग आईंनी काळ्या कार्डाला एक चौकोनी खिडकी कापली. पानावर कार्ड ठेवायचं, खिडकीतून एकच शब्द दिसेल एवढं.

एका सकाळी तिने त्या खिडकीतून "काका" वाचलं आणि मान वर करून विचारलं, "कुठले काका?"

आई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी दुकानात होते, मला फोनवर सांगितलं. मी गिऱ्हाईकाला खोकल्याच्या औषधाऐवजी पोटदुखीचं देत होते, ते वेळेत लक्षात आलं.

आता शाळेकडे येते.

लेक बोळिंजजवळच्या एका मोठ्या शाळेत दुसरीत होती. जूनमध्येच आम्ही डॉक्टर बाईंचं पत्र घेऊन गेलो. मागणी काय होती? तिला कोऱ्या भिंतीसमोर बसवा. फळ्यावरचं तिच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहून द्या, नाहीतर आम्ही घरी लिहून देतो. "इकडे बघ" म्हणून ओरडू नका. कार्ड वापरू द्या. यात एक पैसाही लागत नव्हता.

मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हाला कौतुकाने वर्ग दाखवला. त्या वर्षी त्यांनी बोलक्या भिंती करून घेतल्या होत्या. एका भिंतीवर बाराखडी, एकीवर फळं-फुलं, तिसरीवर सूर्यमाला आणि तिच्या पोटात पाढे. खिडक्यांच्या गजांना कागदी फुलपाखरं, छताला टांगलेले इंद्रधनुष्याचे तुकडे, पंख्याच्या वाऱ्यावर सगळं गरगरतंय. डोळे चांगले असलेल्या मलाच भोवळ आली. "मुलं येता-जाता शिकतात," बाई म्हणाल्या.

"कोरी भिंत कुठे आहे?" आईंनी विचारलं.

"कोरी कशाला ठेवायची, आजी?"

वर्गशिक्षिका तरुण होती, चांगली होती, पण वर्गात साठ मुलं आणि वर शाळेबाहेरची हजार कामं. तिने आमचं ऐकलं, मान हलवली आणि लेकीला पहिल्या बाकावर बसवलं. म्हणजे थेट सूर्यमालेसमोर. तिच्यावर मी फार राग धरत नाही. ज्यांनी तिला सांगायचं, मदत द्यायची, त्यांनी तिच्यासमोरही सगळं सामान एकदम ओतून ठेवलं होतं.

पावसाळा संपता संपता शाळेतून दुकानात फोन आला. "तुमची मुलगी वर्गातून पळाली होती. सापडली आहे. येऊन भेटा." मी आईंना घेऊन रिक्षाने गेले. लेक मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर हात वर करून उभी होती. दंड कापत होते. तिच्या समोरून जाणारी मुलं तिच्याकडे बघून हसत होती, आणि माझं मेलं नशीब, तेवढं एक तिला दिसत नव्हतं.

झालं होतं असं: ती लघवीला गेली आणि परत येताना शेजारच्या वर्गात शिरली. दोन्ही वर्गांच्या भिंती तशाच, दारं तशीच, मुलांचे गणवेश तेच. बाकावर जागा दिसली तिथे बसली. त्या वर्गाच्या बाईंनाही साठातली एक जास्तीची मुलगी कळली नाही. आवाज वेगळा आहे हे लेकीच्या लक्षात आलं, पण उठून सांगायला घाबरली. इकडे तिची शोधाशोध. सापडली तेव्हा सगळ्यांसमोर विचारलं, "आपला वर्ग ओळखता येत नाही? नाटकं करतेस?" आणि हात वर.

मी आधी तिचे हात खाली घेतले. आत गेलो. मुख्याध्यापिकाबाईंनी आमचं बोलणं अर्धं ऐकलं, मग टेबलाच्या खणातून एक चॉकलेट काढलं. लाल चकचकीत कागदातलं. टेबलावर काच होती, काचेवर दुसरं काही नव्हतं. तिथे मधोमध ते ठेवून त्या लेकीला म्हणाल्या, "घे बाळा."

तिने ते उचललं.

"बघितलंत मॅडम?" त्या माझ्याकडे वळल्या. "आता हिला दिसत नाही असं मी स्टाफला कुठल्या तोंडाने सांगू?"

आई पुढे झाल्या. "बाई, मीसुद्धा मास्तरीणच होते. आता तेच चॉकलेट तिथे ठेवा." कोपऱ्यात एक कपाट होतं. त्यात ढाली, करंडक, प्लास्टिकची फुलं, सत्काराच्या शाली, सगळं खच्चून भरलेलं. बाईंनी चॉकलेट तिथे पुढच्याच बाजूला ठेवलं. लेक कपाटासमोर गेली. बघितलं, तोंड फिरवलं, पुन्हा बघितलं. हात एका करंडकावर गेला, मग फुलावर. चॉकलेट तिच्या बोटांपासून वीतभर होतं.

मला वाटलं, झालं, आता तरी पटेल.

"आता मुद्दाम करतेय," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "हुशार आहे हो तुमची मुलगी. आजीला काय हवंय ते तिला बरोबर कळतं."

लेक कपाटाकडे तोंड करूनच बोलली. "मी मुद्दाम नाही करत." अगदी हळू. आवाजात रडूही नव्हतं. इतक्या लहान पोरीच्या आवाजात तसला थकवा मी कधी ऐकला नव्हता.

मी तिला उचलली. सात वर्षांची घोडी, तरी उचलली. "पुरे," मी म्हटलं. "माझी मुलगी सर्कशीत नाहीये. दिसलं तर लबाड, नाही दिसलं तरी लबाड. मग तिने खरं ठरायचं तरी कसं, ते सांगा मला."

"मॅडम, एका मुलीसाठी मी सगळी शाळा कोरी करू का?"

"शाळा नको, एक भिंत मागितली होती. एक भिंत!"

आई दारात थांबल्या, मागे वळल्या. मला वाटलं आता शिव्या घालणार. त्यांच्या कोकणी जिभेवर त्या भरपूर आहेत. पण त्या एवढंच म्हणाल्या, "बाई, पोराला शिक्षा करण्याआधी पोराला विचारायचं असतं. पहिलीच्या मास्तरणीलासुद्धा हे ठाऊक असतं." आणि चपला घालायला वाकल्या. वाकलेल्या असतानाच त्या रडतायत हे मला दिसलं.

त्या शाळेत ती पुन्हा गेली नाही.

मग लोक म्हणाले, अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढा, म्हणजे शाळांना ऐकावंच लागेल. गेलो. सरकारी दवाखान्यात रांग, मग अंधारी खोली, समोर उजेडात एकेक अक्षर. अंधार, शांतता आणि उजळलेलं एकटं अक्षर! माझ्या लेकीला जगात सगळ्यात चांगलं दिसेल अशी ती खोली होती. तिने जवळजवळ शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि शाबासकीसाठी माझ्याकडे तोंड केलं.

तपासणारे डॉक्टर माणूस म्हणून वाईट नव्हते. पत्र वाचून म्हणाले, "ताई, मला कळतंय. पण नियम डोळ्यांचा आहे. डोळे उत्तम आहेत. मी कुठल्या रकान्यात लिहू?"

मी म्हटलं, "हिला बाजारात घेऊन या आणि तिथे तपासा."

ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. पुढच्याला आत बोलावलं. तो नियम करणाऱ्यांनी कधी एखाद्या मुलाला जिन्याच्या काठावर रडताना बघितलं असेल का, असा विचार मी त्या रांगेतून बाहेर पडताना करत होते. चाकाची खुर्ची दिसते, पांढरी काठी दिसते. जे मेंदूत आहे ते कुणाला दिसत नाही, आणि ज्यांना दिसत नाही तेच दुसऱ्याला दिसतं की नाही हे ठरवतात. आम्ही अर्ज पुन्हा केला आहे. अजून उत्तर नाही.

शाळा मिळाली ती वसईच्या पश्चिमेकडच्या एका गावात, बागायती वाड्यांच्या मध्ये, चर्चच्या मागे. तिचे बाबा ज्यांच्याकडून केळी घ्यायचे त्या कुटुंबाने नाव सुचवलं. लहान शाळा, वर्गात वीसेक मुलं, चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंती, एक फळा, एक क्रूस. बोलक्या भिंतींसाठी यांच्याकडे निधी आला नव्हता, हे त्यांचं दुःख आणि आमचं भाग्य. मी पुन्हा तेच पत्र काढलं आणि भांडायच्या तयारीने बसले. वर्गाच्या टीचरनी पत्र वाचून बाजूला ठेवलं आणि लेकीला जवळ बोलावलं.

"तुला कुठे बसलं की बरं दिसेल, बाय?"

लेक गोंधळली. तिने माझ्या दिशेने तोंड केलं. तिला हे आजवर शाळेत कुणी विचारलंच नव्हतं. मग ती वर्गात फिरली, बाकं चाचपली आणि खिडकीला पाठ करून एका जागी बसली. "इथे. उजेड पाठून येतो."

"ठीक. मग ही तुझी जागा."

बस्स. एवढंच होतं सगळं. या एवढ्यासाठी आम्ही किती दारं ठोठावली होती! मी टीचरचे आभार मानले, पण खरं सांगते, आभार मानतानाही मला राग येत होता. एका मुलीला तिची जागा विचारणं हे उपकार का वाटावेत? नशिबाने मिळालं म्हणून मिळालं. केळीवाल्यांनी नाव सांगितलं नसतं तर? ज्यांच्या घरी निवृत्त मास्तरीण आजी नाही, त्यांच्या मुलांचं काय? ती मुलं कुठल्यातरी वर्गात आत्ता हात वर करून उभी असतील.

टीचरही सगळं बरोबर करतात असं नाही. एकदा स्नेहसंमेलनात लेकीला त्यांनी नाचात घातलं, रंगीत दिवे गरगरायला लागले आणि ती स्टेजवर मधोमध खाली बसली. टीचर स्वतः वर चढल्या आणि तिच्याशेजारी बसल्या, गाणं संपेपर्यंत. खाली उतरल्यावर मला म्हणाल्या, "माझं चुकलं. पुढल्या वर्षी ती गाईल." पुढल्या वर्षी ती गायली. सूर बरा आहे तिचा.

आता ती पाचवीत आहे. वाचते, हळू वाचते. सकाळी बरं वाचते, दुपारी दमते. गणितात उभी मांडणी अजून घसरते. रस्ता एकटीने ओलांडत नाही, मैत्रिणींना आवाजावरून आणि चालीवरून ओळखते. आई आता थकल्या आहेत, त्यांच्याच डोळ्यांचं ऑपरेशन झालं. नात त्यांना गोष्टी वाचून दाखवते आणि त्या मुद्दाम विचारतात, "पुढे काय झालं?" घाई करत नाहीत.

परवा आम्ही दोघी मायलेकी महापालिकेच्या बसने शाळेतून परत येत होतो. उतरायच्या वेळी ती दारात थांबली. बसची पायरी उंच होती आणि खाली रस्ता खोदलेला. ती पायाने काठ शोधत होती. मागे माणसं खोळंबली. कंडक्टर ओरडला, "चल चल पटकन! आंधळी आहेस का?"

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. इतक्या वर्षांचं साठलेलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "हो, थोडीशी. थांबा जरा."

तिने काठ शोधला, दांडा धरला आणि उतरली. मी तिच्यामागे उतरले.

बस गेल्यावर तिने विचारलं, "आई, त्याचं तोंड कसं झालं?"

"ओशाळलं."

"म्हणजे कसं दिसतं?"

मी विचार केला. "मान खाली गेली. आणि तिकिटाचं यंत्र उगाच दाबत बसला."

"बरं झालं," ती म्हणाली आणि माझा दुपट्टा धरून चालायला लागली.